तीन बेटांची बोट

पिरेअस, २२ ऑगस्ट १९९३

ती. स्टमाता आत्यास, फोटिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज ओळखलास की तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. पत्रही ठेवून देता येतं, पण आधी फोडावं लागतं.

आम्ही ठीक आहोत. माझी शाळा पुढच्या महिन्यात उघडते. याकोव्होसची कंबर बरी आहे. बरी नाही असं तो म्हणतो.

कामाचं लिहिते. येत्या सोळा सप्टेंबरला आईला जाऊन तीन वर्षं होतील. इथल्या दफनभूमीत तीन वर्षांच्या वर जागा देत नाहीत. अस्थी काढून, द्राक्षदारूने धुऊन, पेटीत भरून देतात. ती पेटी इथल्याच कपाटात ठेवता येते, पण शेवटच्या आठवड्यात आईने मला दोनदा सांगितलं की तिला इद्राला, बाबांच्या शेजारी ठेवावं. दोनदा असं मुद्दाम लिहिते, कारण पहिल्यांदा तिला ताप होता आणि मी ते धरलं नव्हतं.

आपल्या अस्थिघराची किल्ली तुझ्याकडे आहे. तुझा राग मला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते, याकोव्होस पाच. अडतिसाव्या दिवशी आई आम्हा दोघांना घेऊन पिरेअसला निघून आली आणि चाळिसाव्या दिवशी त्यांच्या नावाने चर्चमध्ये वाटायचे गहू तुला एकटीला उकडावे लागले. कारखान्यातली तिची जागा सोमवारनंतर राहणार नव्हती, हे खरं. तू म्हणशील, दोन दिवस मागून तर पाहायचे होते. तिने मागितले होते का, हे मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

किल्ली देशील का, एवढंच विचारते आहे.

लोभ मागायचा हक्क किती उरलाय ते कळत नाही, तरी मागते.

तुझी भाची
फोटिनी

*

इद्रा, २ सप्टेंबर १९९३

चि. फोटिनीस अनेक आशीर्वाद, याकोव्होसलाही, तो मागत नसला तरी.

पत्र पोचलं. टपालवाल्याने ते आधी तीन दुकानांत दाखवलं, मग माझ्याकडे आणलं.

किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. तुझी आई विधवा म्हणून चाळीस दिवस या बेटावर काढू शकली नाही. आता कायमची राहायला यायचं म्हणते. करमेल का तिला?

पण तिथे माझा भाऊ आहे आणि ती त्याची बायको होती, हे मलाही कळतं. तेव्हा पर्यटक येतात तसे या. ते तासभर थांबतात, गाढवावर बसून फोटो काढतात आणि जातात. तेवढाच वेळ. मी कुलूप उघडीन, तुम्ही पेटी ठेवा, मी कुलूप लावीन. माझ्या घरी कॉफी मिळणार नाही. बदामाच्या वड्या धक्क्यावर विकत मिळतात.

थंडीच्या आत आटपा. माझे गुडघे दुखतात.

आशीर्वाद आहेतच. वयाने द्यावेच लागतात.

स्टमाता

*

पिरेअस, १२ सप्टेंबर १९९३

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उपकार झाले.

पर्यटक येतात तसे या, असं तू लिहिलंस. हे शब्दशः घ्यायचं की तुझ्या बोलण्याची एक तऱ्हा म्हणून सोडून द्यायचं, यावर माझा आणि याकोव्होसचा दोन दिवस वाद झाला. शब्दशः घेतलं तर निदान अट मोडली असं तुला म्हणता येणार नाही. म्हणून काल बंदराजवळच्या एका एजन्सीत जाऊन मी एका दिवसात तीन बेटं दाखवणाऱ्या बोटीची तिकिटं काढली. रविवार, दहा ऑक्टोबर. सकाळी आठला निघून आधी इद्रा, मग पोरोस, मग एयिना, आणि संध्याकाळी साडेसातला परत. जेवण तिकिटातच धरलेलं आहे.

एजन्सीतल्या रूलाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला की किती माणसं. दोन म्हणणं खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही वाटेना. शेवटी दोन माणसं आणि साठ सेंटिमीटर लांबीची एक पेटी असं सांगून मी पालिकेचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या की यांना तिकीट लागत नाही, फक्त परदेशी लोकांना सांगू नका, ते जेवत असतात. खिडकीजवळचं टेबल हवं का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, हो म्हणायला हवं होतं. आईला बोट लागायची.

पेटी इद्राला ठेवल्यावरही आम्हाला उरलेली दोन बेटं पाहावीच लागतील, अर्धं तिकीट मिळत नाही. एयिनाहून निघाल्यावर डेकवर नाच असतो आणि प्रवाशांना हात धरून त्यात ओढतात म्हणे. मी काळ्या कपड्यांत असेन, तेव्हा मला ओढणार नाहीत. याकोव्होस म्हणतो, त्याला ओढलं तर तो कंबर दाखवील.

एक शंका आहे. बोट इद्राला एक तास चाळीस मिनिटं थांबते. तू तासभर म्हणालीस. उरलेली चाळीस मिनिटं आम्ही धक्क्यावर उभे राहू. पण धक्कासुद्धा तू बेटात धरतेस का, हे कृपया कळव.

गुडघ्यांना जप. लोभ नसला तरी राग फार वाढू देऊ नकोस.

फोटिनी

*

पिरेअस, १० ऑक्टोबर १९९३

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आज तू अस्थिघराच्या फाटकाशी येऊन उभी राहिली असशील, तर माफ कर. काल दुपारी मी फोन केला होता. तू ठेवून दिलास. पुन्हा केला, पुन्हा ठेवलास.

काल सकाळी आईची कबर उघडली. आदल्या दिवशी काढायचं आणि दुसऱ्या दिवशी न्यायचं, असं मी ठरवलं होतं. कबर उघडून पाहायच्या आधीच बोटीची तिकिटं काढली, ही चूक माझी. आई अजून तयार नाही. मातीने तिला घेतलेलं नाही. खणणाऱ्या थानासिसने मला मागे सरायला सांगितलं होतं, मी सरले नाही. याहून जास्त लिहीत नाही. तिला पुन्हा झाकून मागच्या बाजूच्या एका कबरीत ठेवलंय. दोन वर्षांनी परत उघडतील.

शेजारच्या कबरीवर दोन म्हाताऱ्या बायका दिवा लावत होत्या. त्या म्हणाल्या की एखाद्याचा शब्द माणसाला बांधून असला की माती त्याला घेत नाही. हिला माफ करायचं कुणाचं राहिलंय का, असं त्यांनी मला विचारलं.

हे तुला लिहावं की नाही ते रात्रभर ठरेना. न लिहिणं म्हणजे लपवणं, लिहिणं म्हणजे टोचणं. शेवटी लिहिलं. टोचण्यासाठी लिहिलं नाही, असं मात्र शपथेवर सांगता येत नाही.

तिकिटं वाया गेली. पेटी रिकामीच माझ्या खोलीत आहे.

फोटिनी

*

इद्रा, १४ ऑक्टोबर १९९३

चि. फोटिनीस आशीर्वाद.

रविवारी मी फाटकाशी होते. दोन तास. ती बोट आली आणि गेली. तुम्ही बेत बदललात, असं मी धरून चालले होते आणि घरी येऊन तुम्हाला काय काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. ते सगळं मागे घेते.

आता ऐक. तू तेव्हा लहान होतीस, डोळे लाल करून गाठोड्यावर बसली होतीस. तू ऐकलं नसशील. तुझी आई बोटीवर चढली तेव्हा धक्क्यावरून मी ओरडले की तुला माती न खावो. एकदाच म्हटलं. बोटीचा भोंगा वाजत होता, तिनेही ऐकलं नसेल. पण ज्याला ऐकायचं होतं त्याने ऐकलेलं दिसतं. पस्तीस वर्षांत मी कबुलीला बसले तेव्हा पाद्र्याला मांजराला मारलेली लाथसुद्धा सांगितली. हे सांगितलं नाही. ते पाप आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मी येते. जे बोलले ते मीच तिच्यापाशी जाऊन परत घ्यायला हवं. नेहमीच्या बोटीने येणार नाही. तिच्यावर अख्खं गाव असतं आणि कुठे निघालीस म्हणून विचारत बसतं. त्या पर्यटकांच्या बोटीवर मला ओळखणारं काळं कुत्रंही नसेल. इद्राहून चढवून घेतात का, तुझ्या त्या रूलाबाईंना विचार आणि माझं तिकीट काढ. जेवण नको, मी माझी भाकरी आणीन.

कुणाला बोलू नकोस. याकोव्होसला तर नाहीच.

स्टमाता

*

पिरेअस, १९ ऑक्टोबर १९९३

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं तिकीट सोबत आहे. मधल्या बेटावर कुणाला चढवत नाहीत, पण रूलाबाईंनी कप्तानाशी बोलून केलं. शुक्रवार, एकोणतीस तारखेला इद्राहून चढ. शनिवारी आपण आईकडे जाऊ. रविवारी सकाळी या मोसमातली शेवटची बोट आहे, तिने तुला इद्राला उतरता येईल. जेवण तिकिटातून काढता येत नाही. ते नुसतं तुझ्यासमोर ठेवतील.

आता मला जे लिहायचंय ते वाचून तू कदाचित येणार नाहीस. गेले दोन दिवस मी हे पत्र लिहीत नव्हते, ते त्याच कारणाने.

थानासिसने त्याच सकाळी मला सांगितलं होतं की त्या भागातली माती चिकण आहे, पाणी धरून ठेवते, आणि हल्ली माणसं औषधं खाऊन खाऊन मरतात, ती लवकर मातीत मिसळत नाहीत. त्या दिवशी त्याने सतरा कबरी उघडल्या. अकरांमध्ये हेच निघालं. हे मी मागच्या पत्रात गाळलं. विसरले नव्हते. म्हाताऱ्यांचं बोलणं लिहिलं आणि त्याचं गाळलं. तुझ्यावर काही परिणाम व्हावा असं मला वाटत होतं, आणि तो झाला. मी मुलांना निबंधात दोन्ही बाजू लिहायला शिकवते.

तेव्हा तुझ्या शब्दाने काही झालेलं नाही. तू यायला बांधलेली नाहीस. तिकीट सत्तावीस तारखेपर्यंत परत घेतात.

आणि दुसरी बाजू लिहायचीच तर तीही पुरी लिहिते. आई तुझ्याबद्दल कधी वाईट बोलली नाही, असं मला लिहिता येत नाही. बोलायची. तुला फौजदारीण म्हणायची. पण दरवर्षी बाबांच्या दिवशी गहू उकडताना ती म्हणायची की स्टमाताचे जास्त मोकळे होतात.

येशील तर मी धक्क्यावर असेन. नाही आलीस तरी मी असेनच, कारण तुझं उत्तर वेळेत पोचेल याचा भरवसा नाही.

मी केलं ते पाहून माझ्यावरचा लोभ काय तो ठरव.

फोटिनी

*

इद्रा, २ नोव्हेंबर १९९३

चि. फोटिनीस व चि. याकोव्होसला अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. जाताना ते नाचाचं घडलंच. एका सोनेरी केसांच्या बाईने माझा हात धरला आणि सोडेचना. काळे कपडे पाहून ओढणार नाहीत म्हणाली होतीस, तुझं चुकलं. मी दोन फेऱ्या नाचले. कुणी पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं, पण ते सगळे परदेशी.

शनिवारी तू मुद्दाम लांब जाऊन उभी राहिलीस आणि नंतरही विचारलं नाहीस. शिकलेली माणसं विचारत नाहीत आणि मग झोपत नाहीत. म्हणून सांगते.

आधी मी तुझ्या आईला म्हटलं की एवांथिया, धक्क्यावर बोलले ते मागे घेते. माती चिकण आहे हे मला माहीत होतं, तुझं पत्र आलं होतं. त्या अकरांतल्या उरलेल्या दहा जणांना मी ओळखत नाही. हिला ओळखते. हिला मी तसं म्हटलं होतं आणि मनापासून म्हटलं होतं. मातीने ऐकलं नसेल तर तिने ऐकलं नाही, मी बोलले तर होतेच.

एवढं सांगून निघणार होते. पाय निघेनात. मग जे कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. चाळिसाव्याचे गहू माझ्याकडून जळले होते. पहाटेपासून चुलीपाशी एकटी होते, रडता रडता डोळा लागला. जळके काढून वरून साखर जास्त घातली आणि चर्चच्या दारात वाटले. लोकांनी न बोलता खाल्ले. हिने माझा भाऊ सोडला याचा राग नव्हता मला, तो गेलेलाच होता. ही गेली, याचा होता. आदल्या वर्षी माझ्या आईच्या चाळिसाव्याला आम्ही दोघींनी मिळून उकडले होते आणि पातेलं उतरेपर्यंत हसत होतो, कशावरून ते आता आठवत नाही.

काल अस्थिघर उघडून आत झाडलं. भावाच्या शेजारी वरच्या फळीवर एक जागा आहे. ती मी माझ्यासाठी धरून ठेवली होती, पाद्र्याच्या वहीतही माझं नाव होतं. आज जाऊन ते बदलून घेतलं. तो म्हणाला, एवढा उशीर का केलास. मी म्हटलं, तुम्ही तुमचं लिहा.

दोन वर्षं लागोत की चार, जागा तिची आहे. मी आधी गेले तर मला खालच्या फळीवर ठेवा, तिथे ओल कमी आहे. वरची जागा मी सोडली, हे मात्र तिला सांगू नका. नको म्हणेल.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, हे एकदा लिहून ठेवते, पुन्हा विचारू नका.

तुमची आत्या
स्टमाता