टाकीलाही दसऱ्याची सुट्टी

२८ सप्टेंबर
आजपासून मी प्लांट इन-चार्ज. मूल गावाच्या बाहेर, शेण आणि धानाच्या तणसापासून गॅस काढणारा प्लांट. केबिनमधल्या पाटीवर स्वतः लिहिलं : प्रेशर वाढू देणार नाही. अक्षर छान आलं.

२९ सप्टेंबर
गॅस जादा झाला की टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारतो. डोकं उठतं. शिवाय शिट्टी म्हणजे प्रेशर वाढल्याची जाहिरात. दसऱ्यानंतर मोठे साहेब येणार. तोवर शिट्टी बंद झाली पाहिजे.

१ ऑक्टोबर
निर्णय : दसऱ्याला सगळी मशिनरी पूजेत आणि सुट्टीवर. कॉम्प्रेसर बंद, जादा गॅस जाळायची चिमणीही बंद. दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी दसऱ्याला कधी विळा उचलला नाही. ऑपरेटर प्रवीण खूश. जेवताना बायको, उर्वशी, म्हणाली, मशीन झोपन, पण शेणाले कोन सांगन आज दसरा हाय म्हून? तिला टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

२ ऑक्टोबर, सकाळ
पूजा झाली. व्हॉल्व्हच्या झाकणावर नारळ ठेवून सुतळीने करकचून बांधला, वर झेंडूचा हार. प्रेशर मीटरच्या काचेला भरपूर कुंकू. प्रवीणला सांगितलं, गेटला बाहेरून कुलूप लाव, कोणी येऊन पूजा मोडायला नको. तो चावी घेऊन सासुरवाडीला, सिंदेवाहीत. मी आत, ड्यूटीवर.

दुपार
शिट्टी नाही. पहिलं यश.

जेवणानंतर
टाकीचा रबरी घुमट जरा फुगल्यासारखा वाटतो. काटा कुंकवाआड आहे. दिसत नाही, त्याअर्थी ठीक असावा.

लगेच नंतर
कुंकू पुसलं. पुसायला नको होतं. काटा लाल पट्ट्याच्या पलीकडे.
चिमणी कशी पेटवतात ते प्रवीणला माहीत. मी वरिष्ठ पातळीवर असतो. त्याचा फोन लागत नाही. गेट उंच, वर काटेरी तार. साहेबांना कळवलं तर इन-चार्जपद गेलं. नाही कळवलं तर मीच गेलो. मला भीती वाटते आहे.
विळा समोरच पूजेत आहे. हात लावणार नाही. वडिलांच्या रिवाजाचा प्रश्न आहे. वर चढतो, सुतळी दातांनी तोडतो.

३ ऑक्टोबर
काल सुतळी तुटली. नारळ उडाला, समोरचा एक दातही. शिट्टी थेट तोंडावर. अर्धं गाव गेटपाशी नाक धरून उभं. उर्वशी डबा घेऊन आली होती. गजांतून रडत ओरडली, मरता काय जी, उतरा ना खाली! टाकीवर बसून मीही रडलो. गॅसमुळे.

६ ऑक्टोबर
साहेबांनी पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. आता मी गेटवर. चावी माझ्याकडे, खुर्ची बाहेर. आत व्हॉल्व्ह मजेत वाजतो.
बोलताना माझ्याही दाताच्या फटीतून शिट्टी येते. दात बसवायचं पक्कं ठरवलं होतं. उर्वशी म्हणाली, राहू द्या, वाजू द्या. लग्नापासून पहिल्यांदा समजून राह्यलं, तुमच्या पोटात काय हाय ते.