एकवीस जादा उपास

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना स्मरून मी आनाबाई, तोफखान्यातील मयत गोलंदाज कायतान फर्नांड यांची बायको, वय साठ किंवा एकसष्ट, राहणार नाना पेठ, पुणे, हे मृत्युपत्र आपल्या हाताने लिहिते. कोणाची जबरदस्ती नाही. वैद्यबुवांनी आशा सोडली ती माझ्या छातीची. डोक्याविषयी त्यांची तक्रार नाही, उलट ते जरा कमी चालले तर बरे, असे त्यांचे मत आहे. मोडी अक्षर वडिलांनी शिकवले, ते तोफखान्यात कारकून होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचून घ्यावे, पण पेद्रूभावजींकडून नको. माझे हे धाकटे दीर आपल्या सोयीचे तेवढेच वाचतात.

कलम पहिले. घर, ओसरी आणि परसातील लिंबोणी ही सूनबाई लुईजा हिची. माझा मुलगा इनास हडपसरच्या लढाईत पडला, त्याला चार वर्षे होऊन गेली. लुईजा माहेरी गेली असती तर कोणी नावे ठेवली नसती. ती गेली नाही. शहर लुटले तेव्हा तिने घरचा क्रूस गोवऱ्यांच्या ढिगात लपवला आणि दारात आलेल्या शिपायाला म्हणाली, न्या चार गोवऱ्या, उपयोगी पडतील. तो नाक मुरडून गेला. अशा बाईला माझ्यामागे घराबाहेर काढून ओसरी कापडवाल्याला भाड्याने देण्याचा बेत भावजींनी केला आहे. मला ठाऊक नाही असे त्यांना वाटते. भिंतीला कान नसतील, शेजार आहे.

कलम दुसरे. ओसरीवर दर रविवारी आमची चौदा घरे प्रार्थनेला बसतात, ती बसत राहावीत. पाद्री गोव्याहून येतात; वाटेत लढाई, पूर किंवा आळस आडवा आला तर येत नाहीत. त्यासाठी प्रार्थना थांबत नाही. दुष्काळाच्या साली बाराच माणसे उरली, त्यातली चार भिंतीला टेकून होती, तरी थांबली नाही. त्या साली मी चाळीस दिवसांचा उपास धरला तेव्हा भावजी म्हणाले, “वहिनी, सगळं पुणं उपाशी आहे. तुमचा वेगळा उपास कसला?”

मी म्हटले, “त्यांचा दैवानं, माझा मर्जीनं. माझी अर्धी भाकरी तरी कोणाच्या हातात पडते.”

ती गेनबा धनगराच्या बायकोला जात असे. ती तेव्हा दोन जिवांची होती.

कलम तिसरे, उपासाची गणती. हे नीट वाचावे, कारण येत्या सणापर्यंत मी असेन असे दिसत नाही. प्रभू मरणातून उठला तो सण पौर्णिमेवरून ठरतो आणि त्याआधी चाळीस दिवस उपास. पाद्री नसले की मी भिंतीपलीकडच्या अनंतभट जोश्यांना चैत्री पौर्णिमा विचारून तिच्या पुढचा रविवार धरीत असे. आठ वर्षांपूर्वी तसाच धरला. आम्ही तोंडे सुकवून बसलो असताना पाद्री दारात उभे. म्हणाले, “प्रभू उठून पंचवीस दिवस झाले, आणि तुम्ही अजून थडग्यापाशीच?”

मी म्हटले, “पुण्यात बातमी उशिरा येते.”

आदल्या साली अधिक मास पडल्याने चैत्र पुढे सरकला होता. आमची पौर्णिमा होळीचीच होती. भटजींना दोष नाही. ते म्हणाले, “चैत्र विचारलात, चैत्र सांगितला. तुमचा देव कधी उठतो हे माझ्या पंचांगात नाही.” गेल्या सालीही अधिक मास होता, म्हणून यंदा होळीचीच पौर्णिमा धरावी. उपास हा बुधवार सोडून पुढच्या बुधवारी लागतो. पुढे दरसाल भटजींना असे विचारावे: दिवस-रात्र सारखे झाल्यावरची पहिली पौर्णिमा कोणती? या कामाबद्दल त्यांना सालीना पन्नास लिंबे भिंतीवरून द्यावीत. त्यांना चालतील, झाडाचा बाप्तिस्मा झालेला नाही.

कलम चौथे, पेद्रूभावजी. त्या चुकलेल्या उपासात दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गेनबाकडून करडू घेऊन पागेमागे शिजवले. पाद्री येताच म्हणू लागले, माझाच हिशेब बरोबर होता. आठ वर्षे प्रत्येक लग्नात हेच ऐकते आहे. त्यानंतर एकही उपास त्यांनी पुरा केलेला नाही.

तरी कायतानच्या पायाला गोळा लागला तेव्हा गाडी मिळेपर्यंत दोन कोस पाठीवर वाहून आणले ते भावजींनीच. माझा नवरा माझ्या हातचे पाणी पिऊन गेला, हे त्यांच्यामुळे. म्हणून मागची खोली त्यांना हयातभर देते. अटी दोन: रविवारी ओसरीवर सर्वांबरोबर बसायचे, आणि यंदाचे चाळीस दिवस पुरे करायचे. न केल्यास खोलीही लुईजाची. देखरेख गेनबाने करावी. करडे त्याच्याकडेच असतात.

चाळीस त्यांना जमणार नाहीत, हे मी जाणते. तर ऐका. त्या चुकलेल्या साली सण उलटून गेल्यावर मी जे उपास केले ते, रविवार वगळता, एकवीस भरतात. सणाआधीचे जे चुकले तेवढे दिवस मी पावसाळ्यात भरून दिले. हे एकवीस कोणत्याच गणतीत धरता येत नाहीत, असे पाद्री स्वतः म्हणाले. म्हणजे ते माझे. ते मी राजीखुशीने पेद्रूभावजींच्या नावे करते. त्यांनी उरलेले एकोणीस करावेत. याबाबत पाद्रींना विचारू नये. ते नाही म्हणतील. मला स्वतःला ते लागणार नाहीत. जिथे जाते आहे तिथे ताट वाढून ठेवले आहे, असे ऐकते.

पुणे, पौष वद्य नवमी, रविवार, शके १७२८, क्षयनाम संवत्सर (नाव प्रसंगाला शोभते). आमच्या गणतीने १ फेब्रुवारी १८०७.

आनाबाई फर्नांड, दस्तुरखुद्द

साक्षी:
शमशुद्दीन डेरेवाले. सर्व ऐकले, बाई शुद्धीवर आहेत, जरा जास्तच.
गेनबा धनगर, निशाणी काठीची.
अनंतभट जोशी, भिंतीपलीकडून. तिथी तपासली, बरोबर आहे.

पेद्रू फर्नांड यांस मजकूर वाचून दाखवला. त्यांनी डोळे पुसून विचारले, “वहिनी, एकोणीस रविवार धरून की सोडून?” सोडून, असे सांगितले. कबूल. सही.