पाणी आलं की वर सरकायचं

सेमारांग,
बुधवार, १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सलाम. तू, मुर्नीवहिनी आणि लारस ठीक असाल. वहिनीच्या गुडघ्याला मलमाने उतार पडला का ते कळव. हे पत्र आमच्या कार्यालयातल्या सेकारच्या हाती देते आहे. उद्या ती तुझ्याकडे यायचीच आहे, शनिवारच्या कार्यक्रमाचं सांगायला. सोबत तिळाच्या बिस्किटांचा डबा आहे. तो वहिनीच्या हातात द्यायला सांगितलंय, तुझ्या नाही.

सकाळपासून बाबांचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. पहिल्यांदा भरतीचं पाणी ओसरीवर आलं तेव्हाचं. आई रडायला लागली होती. बाबांनी तांदळाचं पिंप उचलून खाटेवर ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पाण्यावर रागवायचं नसतं. ते आलं की आपण वर सरकायचं."

तुला आठवतं का? तू त्यांना पिंप उचलायला मदत करत होतास. मी खाटेवर बसून नुसती बघत होते.

इकडे कार्यालयात आमची धांदल चालू आहे. हवामान बदलावरच्या उपायांचा सप्ताह सोमवारपासून सुरू झाला. सगळ्यांना खुला आहे, तिकीट नाही, त्यामुळे गर्दी बरी होते. पटांगणात उन्हावर चालणाऱ्या चुली मांडल्या आहेत. त्यांच्यावर मुलं अंडी उकडतात आणि ढग आला की सगळी मिळून आकाशाकडे बघत बसतात. खारफुटीची रोपं फुकट वाटतात. काल एक आजी तीन रोपं घेऊन गेल्या, म्हणाल्या, बाल्कनीत लावते. कुणाला त्यांना अडवायचा धीर झाला नाही. माझं काम तेच: खुर्च्या, माईक, खाऊचे डबे. चिकट भाताच्या गुंडाळ्या संपल्या की सगळे माझ्याकडे वळून बघतात, जणू समुद्र मीच वाढवला.

तू परवा फोनवर म्हणालास, "तुमची छतं तुमच्यापासून लांब, आमचं डोक्याला टेकतं. देवाच्या जवळ कोण राहतं सांग." मी हसले. फोनवर तू नेहमी हसवतोस आणि माझं बोलायचं राहून जातं, म्हणून हे पत्र.

ईदला आले होते तेव्हा आपल्या दाराच्या चौकटीपाशी मी बराच वेळ उभी होते. तू विचारलंस काय शोधतेस, मी म्हटलं काही नाही. लहानपणी आईने आपल्या उंचीच्या खुणा केल्या होत्या ना कोयत्याने, त्या शोधत होते. माझ्या सगळ्या खुणा जमिनीत गेल्या आहेत. तुझी सर्वांत वरची तेवढी दिसते, घोट्याशी. तीनदा आत मातीचा भराव घालून तू घराची जमीन वर उचललीस, छत तिथेच राहिलं. खिडक्या गुडघ्याला आल्या, दारातून वाकून यावं लागतं, वहिनी बसूनच स्वयंपाक करते. लारस म्हणत होती, बाबांना नमाजाची टोपी घराबाहेर जाऊन घालावी लागते, आत छताला लागते.

आता पुढच्या शुक्रवारी चौथ्यांदा. माती दारात येऊन पडली आहे, शेजारी टोपल्या घेऊन येणार आहेत, वहिनी त्यांच्यासाठी धुरावलेल्या माशाचं कालवण करणार आहे. हे सगळं सेकारने मला सांगितलं. होडी विकून ती माती घेतलीस, हेही तिनेच सांगितलं. तू नाही सांगितलंस.

होडी विकलीस, दादा. मग रमझानच्या आधी आई-बाबांकडे कशात बसून जाणार? कबरींवर पाणी आल्यापासून आपण होडीतूनच फुलं टाकतो ना.

सेकारला तू म्हणालास म्हणे, "हा शेवटचा भराव. मग समुद्राची भिंत येईल, पाणी पलीकडे राहील, आणि आम्ही माणसांसारखे ताठ उभे राहू." ती हे डोळे भरून सांगत होती. गावाच्या पाहणीसाठी महिनाभर तुझ्याकडे राहून, तुझ्या तळ्यातले बांडेंग मासे खाऊन ती तुला मामा म्हणायला लागली आहे. तिच्यामुळेच शनिवारी व्यासपीठावर तुझं नाव आहे. घर कसं उचलायचं ते तू सांगायचंस. लोक टाळ्या वाजवतील.

इथवर लिहून मी उठले, चहा केला, प्यायला नाही. आता लिहिते.

सोमवारी प्रदर्शनाचे फलक आले. त्यात समुद्राच्या भिंतीचा मोठा नकाशा होता, भिंतीची रेघ नारिंगी. मी आधी आपलं पांडानसारी शोधलं, आपण कुठलाही नकाशा तसाच बघतो. गाव सापडलं. रेघ त्याच्या मागून जाते. शाळेच्या रस्त्याच्याही मागून. भिंत झाली की आपलं घर समुद्राच्या बाजूला राहणार आहे.

मला वाटलं, मी उलटा बघतेय. डॉक्टर प्रिहांतोंना जाऊन विचारलं. नकाशा त्यांच्याच विभागाचा. माणूस वाईट नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "तिथे जमीनच उरली नाहीये, वुरी. भिंत उभी कशावर करायची?" मग म्हणाले, "तुमच्या दादांना मात्र नक्की आणा. त्यांच्यामुळे लोकांना उभारी येते."

दुपारी आमच्या प्रमुख हार्तिनी मॅडमनी नकाशा बघितला आणि समुद्राकडची बाजू कापून नवा छापायला सांगितला. "सणासुदीच्या घरी कुणी सुतकाची पाटी लावतं का?" असं म्हणाल्या. छापखान्याला फोन मीच केला. कुठून कापायचं तेही मीच सांगितलं. आता नकाशा शाळेच्या रस्त्यापाशी संपतो. त्यावर पांडानसारी नाही. सभागृहात दाराजवळ टांगलाय, छान दिसतो.

दोन दिवस झाले, मला जेवण जात नाही. खुर्च्या मोजते, विसरते, पुन्हा मोजते. तू शनिवारी इस्त्रीचा बाटिक सदरा घालून येशील, त्या नकाशासमोर उभा राहशील, आणि तुला त्यात गाव सापडणार नाही. तरी तू कुणाला विचारणार नाहीस. पाहुण्याने यजमानाला लाजवू नये, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलंय. हसशील, घर कसं उचलायचं ते सांगशील, रोप घेऊन घरी जाशील. आणि शुक्रवारी माती आत टाकशील.

मी विचार केला, मीच का विचारू नये? काल बैठकीत तोंड उघडलंही होतं. सगळे माझ्याकडे वळले आणि मी खाऊचा डबा पुढे केला. तेव्हा हेही खरं की मी भिते म्हणून तुला पुढे करते आहे. हे कळत असूनही लिहिते आहे. कारण मी विचारलं तर ती कार्यालयातल्या बाईची तक्रार होईल. तू विचारलंस तर उत्तर द्यावं लागेल. आपल्या गावातली इतकी घरं, त्यांना कुठे न्यायचं, कधी, कबरींचं काय करायचं, हे कुणाला तरी मोठ्याने बोलावं लागेल.

दादा, शुक्रवारचा भराव थांबव. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून सांगू, मी रजा काढून येते. पण त्याआधी शनिवारी ये. ते विचारतील, घर कसं उचलता. तेव्हा एवढंच म्हण, "आमचं गाव भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे?" पुढे काही बोलू नकोस, गप्प उभा राहा. माईक द्यायचं-घ्यायचं काम माझं आहे. तो मी तुझ्या हातातून घेणार नाही, कुणी खुणावलं तरी. माझ्या नोकरीचं माझं मी बघेन.

मला माहीत आहे तू काय करशील. पत्र वाचून घडी घालशील, वहिनीला म्हणशील, पोरगी दमलीय. सेकारकडे निरोप देशील, "बरं म्हणावं." तुझं बरं मी लहानपणापासून ओळखते. बाबांचंही तसंच होतं.

तरीही मागते. आयुष्यभर आपण वर सरकलो. आता वर छत आहे. एकदा, माझ्यासाठी नको, लारससाठी, लोकांसमोर रागव.

शनिवारी दाराशी उभी असेन.

तुझी,
जिच्या खुणा तुझ्या पायांखाली आहेत ती,
वुरी