सलूनच्या आरशातला नाच

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण डावा गुडघा सुजल्यामुळे तूर्त सात अंगांवर भागवून घे. आठवं बरं झालं की पाठवतो. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींची साखर खरंच आटोक्यात आहे, की ते आता डबे आवाज न करता उघडायला शिकलेत? इकडे सगळे मजेत. बाबा वेळेवर जेवतात, झोपतात आणि मला अजूनही गॅसवाला समजतात.

मुख्य बातमी अशी की तुझ्या भावाने स्टेजवर नाच केला. हसून झालं की पुढे वाच. कुटुंब आधार केंद्रातल्या बाई दुपारी बाबांपाशी बसतात, म्हणून माझं सायकलदुरुस्तीचं दुकान उघडतं आणि बायको कामावर जाते, हे तुला ठाऊकच आहे. केंद्राचे पैसे संपत आले, तेव्हा तू लिहिलंस की ते बंद पडलं तर बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाते. तुझं मन मोठं आहे, पण घर चौथ्या मजल्यावर आहे, आणि बाबांना आता इथली मोरीसुद्धा आठवणीने नाही, सवयीने सापडते. ते इथून हलले तर हरवतील, या भीतीने माझी झोप उडाली होती. म्हणून केंद्राने गल्लीतल्यांना नाचवून तिकीट लावायचं ठरवलं, तेव्हा पहिला हात मी वर केला (बाकी कोणाचाच वर नसल्यामुळे तो जरा जास्तच दिसला).

शिकवायला सलूनवाले मास्तर. तरुणपणी ते फार सुंदर नाचायचे, असं ते स्वतःच सांगतात. तालीम त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सलूनमध्येच, खुर्च्यांना वळसे घालत. मास्तरांना गिऱ्हाइकाशी आरशातून बोलायची इतकी सवय की नाचही त्यांनी आरशातूनच शिकवला. आम्ही सगळे स्वतःकडे बघत नाचायचो, आणि खरं सांगतो, आरशातला मी बरा नाचत होतो. बायकोनेही कबूल केलं (कौतुक मात्र त्याचं केलं, माझं नाही).

कार्यक्रमाला पडदा वर गेला आणि समोर आरसाच नाही, नुसती माणसं. ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, मास्तरांच्या तर नाहीच. आपला हात कुठे गेलाय ते कळेना. पहिल्याच गिरकीत इस्त्रीवाला माझ्या गुडघ्यावर येऊन बसला (सूज तिथली). मग सगळेच थांबले आणि गाणं एकटंच वाजत राहिलं. मागच्या रांगा उठायला लागल्या. मी मनात म्हटलं, आता केंद्र बंद आणि बाबा चौथ्या मजल्यावर.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. बाई धरायला धावल्या, पण ते सरळ स्टेजपुढे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, सिलिंडर कधी आणणार ते विचारतील. मी घाबरून उजवा हात वर केला, त्यांनी डावा केला. मी पाय टाकला, त्यांनीही टाकला, अगदी आरशासारखा. ताई, मला सगळा नाच आठवला. मग इस्त्रीवाल्याची सासू उठून त्याच्यासमोर उभी राहिली, आणि बघता बघता प्रत्येकाला आपापला आरसा मिळाला. उरलेले लोक एकमेकांसमोर नाचले. गाणं पुन्हा पुन्हा लावावं लागलं. जाताना लोकांनी दाराशी ठेवलेला डबा असा भरला की केंद्राला वर्षभर बघायला नको. घरी येताना बाबा माझा हात धरून म्हणाले, "माझा मुलगाही असाच नाचायचा. वाकडा." मी रस्त्यातच रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

तेव्हा काळजी सोड आणि इकडे यायची धावपळ मुळीच करू नकोस. इथे कशाचीही कमतरता नाही.

तुझा धाकटा

ता. क. धावपळ कर. बाबा रोज सकाळी बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर उभे राहतात आणि मला गुडघा वाकवता येत नाही. नुसते हात हलवले तर रागावून निघून जातात. बायकोला उभी करून बघितली, पण ती फार सरळ नाचते. आपल्या घरात माझ्याइतकं वाकडं नाचणारी तूच. आठ दिवस तरी ये.

आणखी एक. हे मी माझ्या मनाने लिहिलेलं नाही. समोर कोणाला उभं करू, असं काल बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "गॅसवाल्याचा पाय बरा होईस्तोवर आमच्या थोरलीला बोलाव."