लढाईत गोदीत उभं असलेलं जहाज

आबा, आज पाच वाजता आपल्या ब्राह्मणपुरीच्या चौकात तुमच्या जहाजाच्या स्मारकाच्या दगडावरचं कापड ओढायचं आहे. दगडावरचा मजकूर माझा : ‘युद्धात शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणारं जहाज’. हे वाक्य मी वर्षानुवर्षं सभांमधून गर्जून सांगितलं. काल, त्याच जहाजावर तुमच्यासोबत नोकरी केलेले नवापूरचे काका पाहुणे म्हणून आले. कापडाखाली डोकं घालून त्यांनी ते वाचलं आणि हसले. “बेटा, लढाईमा आपली बोट गोदीमा उभी व्हती. तोंडनं दार अडकेल. आम्ही पत्ता कुटूत.” म्हणजे सैन्य उतरवायचं पुढचं दारच अडकलं होतं आणि तुम्ही सगळे पत्ते खेळत होतात. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “तू म्हनशी ते मी गप बठसू.” तेच झोंबतंय. खरं बोला म्हणून गावोगाव ओरडणारी मी, आता या म्हाताऱ्याला गप बसवणार?

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ही लढाई पहिल्यांदा रंगवली, तेव्हा तुम्ही जहाजावरून सुटीवर आला होतात. स्वयंपाकघरात भाकरी कुस्करताय, मी जिंकलेली ढाल समोर ठेवते. माझ्या भाषणातल्या तोफा कुठून आल्या, असं तुम्ही विचारता. “माय वं, ह्या तोफा तू कथाईन आन्यात? आम्ही ते बेटवर म्हशी उतार्‍यात.” आणि सांगू लागता : जहाज वाळूवर पोट टेकतं, तोंड उघडतं, म्हशी पाण्याला बिचकून फळीवरच अडतात. बाकीचे खलाशी लांब उभे. तापीकाठी वाढलेले तुम्ही एकीचं शिंग धरता, मग साऱ्या मागून येतात. वादळानंतर तांदूळ, सिमेंट, एकदा अडलेली बाळंतीण, असंच सगळं त्या जहाजानं वाहिलं. मला त्यात शौर्य दिसलं नाही, तसं मी म्हणालेही. तुम्ही रागावला नाहीत, नुसते ताटावरून उठलात. पुन्हा जहाजाबद्दल माझ्याशी बोलला नाहीत.

मघाशी पाथरवटाला फोन केला. “ताई, अक्षरं खोडता येतील, पण खड्डा दिसेल.” दिसू दे, मी म्हणाले. तो शहाद्याहून निघालाय. वेळेत पोचेल का, माहीत नाही. नाही पोचला तर त्या अक्षरांसमोर उभं राहून मलाच सांगावं लागेल. काकांना मी बोलायला सांगितलंय, सगळं, पत्त्यांसकट.

तुम्ही तर आता नाहीत, हा कागद कोणाला पाठवायचा? पर्समध्येच राहील. पण आबा, खोटं उघडं पडेल याची भीती तेवढी नाही. म्हशींचं सांगितल्यावर समोरचे गप्पच राहिले, तर तोफांशिवाय पुढे काय बोलायचं, ते मला येत नाही.