न बिघडलेला ठोका

अण्णा, तुमच्या माघारी दुकान आवरताना तुमच्या हातची चिठ्ठी आज मला सोलून काढावी लागली, म्हणून लिहिते आहे. कोयनानगरच्या मास्तरांनी तुमच्याकडे दुरुस्तीला आणलेल्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवरची चिठ्ठी. ‘ठोका बिघडलाय. दुरुस्त होणार नाही.’ दोन्ही वाक्यं चूक आहेत, आणि हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

तेव्हा सांगलीच्या दुकानात तुम्ही ठोक्याचं बटण दाबून वाजवताय. पहिल्या सुराच्या तोंडाशी लाकडावर टिचकी मारावी तसा टक् आवाज येतो आणि विरतो. पुढचे सूर सपाट, ठोक्याविना. तीन दिवस तुम्ही पट्ट्या पुसताय, तारांना डाग देताय. मी नुकतीच बी.एस्सी. झालेली. सर्किटचा नकाशा बघून मी सांगितलं, सगळ्या पट्ट्यांच्या ठोक्याला आत वीज साठवणारा एकच कपॅसिटर आहे. एक जरी पट्टी दाबलेली असली तरी तो पुन्हा भरत नाही. सगळी बोटं क्षणभर उचलली, की पुढचा ठोका मिळतो. तुम्ही आणि मास्तर दोघंही पेटीवर तयार झालेले, दुसरी पट्टी धरल्याशिवाय पहिली न सोडणारे. सूर तुटू द्यायचा नाही ही तुमची शिस्त, आणि या यंत्राला तो तुटायलाच हवा.

“बोटं उचलायला मी काय कोंबडी हाय व्हय, दाणं टिपायला?” तुम्ही म्हणालात. मास्तर हसले. मी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा म्हणालात, “घरी जा. दुकानात परत बसायचं न्हाई.”

नाही बसले. विश्रामबागेतल्या कॉलेजात तीस वर्षं हेच कपॅसिटर शिकवले. मास्तरांनी मात्र तुमचा शब्द मानला, ऑर्गन तिथंच सोडला आणि पुढे कुठल्याच वाद्याला हात लावला नाही. हे आज त्यांच्या नातीनं सांगितलं. ती साताऱ्याहून तो न्यायला आली होती. वडील म्हणून तुमचा मान ठेवते. त्या चिठ्ठीचा ठेवणार नाही.

ती कीबोर्डवर शिकलेली, एक पट्टी सोडून मगच दुसरी दाबणारी. बसली, वाजवलं, प्रत्येक सुराला टक्. “काकू, यात बिघडलं काय होतं?”

“काहीच नाही,” मी म्हटलं.

एवढंच तिला सांगितलं नाही, की ती येण्याआधी सकाळी मी स्वतः वाजवून पाहिलं. पहिल्या सुराला टक्, पुढं सपाट. सगळं माहीत असून माझी बोटं उचलेनात. ती तुम्हीच पेटीवर बसवलेली आहेत.

दिलं: ऑर्गन एक, पेडल एक, स्टूल एक, सर्किटचा नकाशा. चिठ्ठी दिली नाही.