आमच्या बाजूच्या तारखा

४ नोव्हेंबर, मंगळवार

फॉर्म भरायला घेतला. न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये बसून काम शिकायची फेलोशिप — लॉच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. मानधन? 'अनुभव'. हा अनुभव बसचा कंडक्टर घेतो का, ते विचारायला हवं. काम काय, तर फायली वाचायच्या, टिपणं काढायची, कोर्टात मागे बसायचं आणि तिथलं घरी येऊन कुणाला सांगायचं नाही. शेवटची अट जरा अवघड आहे. अम्मीला न सांगता मला साधी सर्दीसुद्धा होत नाही.

जागा एक. अर्ज करणार अख्खं पुणं. तरी मला ती हवी आहे. इतकी, की इथे लिहितानाही धडधडतंय. आमच्या घरातले लोक कोर्टात गेले ते बाकावर ताटकळायला. मला एकदा आतल्या बाजूने बघायचंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शिफारसपत्र लागतं. कॉलेजची थोर परंपरा अशी, की विद्यार्थ्याने स्वतःची स्तुती स्वतःच लिहायची आणि सरांनी खाली सही करायची. लिहिली! 'अत्यंत विनम्र व मितभाषी' इथपर्यंत वाचून नम्रताला चहाचा ठसका लागला. मैत्रिणी असाव्यात तर अशा.

सरांनी न वाचता सही केली. "मी या विद्यार्थिनीला जवळून ओळखतो" या वाक्याच्या बरोब्बर खाली. मग मान वर करून म्हणाले, "नाव काय म्हणालात आपलं?"

९ नोव्हेंबर, रविवार

अर्जासोबत निबंधही लागतो — 'दिवाणी दाव्यांतील विलंब : एक उपाय'. उदाहरण घरातच तयार! मंडईजवळचं अब्बांचं फ्रेमचं दुकान. जागा भाड्याची. मालक सीतारामशेठ यांनी 'जागा खाली करा' म्हणून दावा लावला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तो अजून चालूच आहे. म्हणजे चालू नाहीच, नुसत्या तारखा पडतात. लहानपणापासून ऐकतेय : मालक मुद्दाम लांबवतो, आपल्याला दमवतो.

नावं न घेता सगळं ठोकून दिलं. 'सधन पक्षकार तारखांवर तारखा मागून दुर्बळाचा जीव काढतो.' उपाय : जो सारखी तारीख मागतो, त्याला ती देणं बंद करावं आणि दावा सरळ चालवावा. वाचताना माझेच डोळे भरून आले. काय ती लेखणी!

धाकट्या बिलालने वाचलं. एरवी हा आईस्क्रीमच्या वेष्टनापलीकडे काही वाचत नाही. म्हणाला, "आपा, शिक्का कुठल्या चिन्हावर मारायचा ते लिहायचं राहिलं."

१७ नोव्हेंबर, सोमवार

मुलाखतीला बोलावलं!! पुढच्या सोमवारी. पांढरा शर्ट नम्रताचा, काळी पँट माझी. आत्मविश्वास कुणाकडे उसना मिळतो ते शोधतेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज दुकानात जाऊन अब्बांना निबंध वाचून दाखवला. नसता उत्साह. ते गणपतीच्या तसबिरीला काच बसवत होते. 'दुर्बळाचा जीव' आला तसा त्यांचा हात थांबला. मग हसायलाच लागले.

"सबा, मालक कशाला तारीख मागेल? त्याला तर दुकान हवंय."

"मग कोण मागतं?"

"आपण. वैजनाथ वकील मागतात. कधी मी आजारी, कधी ते आजारी, कधी कागद सापडत नाहीत."

अगदी सहज. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.

मी म्हटलं, "पण तुम्ही तर कायम म्हणायचात..."

"पोरांना काय सांगणार? केस चालली की आपण हरलो. कराराची मुदत केव्हाच संपली आहे, सगळे कागद त्यांच्या बाजूने. वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — जेवढ्या तारखा, तेवढं दुकान. तुझं कॉलेज तारखांवरच चाललंय."

म्हणजे दुर्बळ पक्षकार सीतारामशेठ! विश्रांतवाडीहून काठी टेकत, बस बदलत येतात आणि पुढची तारीख घेऊन परत जातात. त्यांना मी 'सधन' लिहिलं. आणि उपाय काय सुचवला, तर आमचंच दुकान बंद करण्याचा. तोही सुवाच्य अक्षरात. शाबास!

निबंध परत घेता येत नाही. विचारून बघितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मुलाखत झाली. चेंबरमध्ये फायलींचे ढीग, त्यांच्या मागे जज मॅडम. पहिलाच प्रश्न — घरच्या कुणाची केस चालू आहे का? म्हटलं, आहे, दुसऱ्या कोर्टात. निबंधातली तीच.

"मग यातला तारखा मागणारा पक्षकार कोण?"

'मालक' म्हणता आलं असतं. निबंधात तसंच होतं. कोण बघायला जाणार होतं! पण तोंडातून निघालं, "आम्ही, मॅडम. मलाही मागच्या आठवड्यातच कळलं."

मॅडमनी चष्मा काढला. "मग उपाय मागे घेता?"

"नाही."

का 'नाही' म्हणाले, अल्ला जाणे. बहुधा उपाय बरोबर आहे म्हणूनच.

"ठीक आहे. बाहेर माठ आहे. पाणी प्या आणि जा." पुण्यात याला माया म्हणतात.

घरी सगळं सांगितलं. वाटलं, अब्बा चिडतील. ते मान खाली घालून जेवत राहिले. शेवटी म्हणाले, "खोटं नाही बोललीस ना? बस." मला फार वाईट वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

निवड झाली. माझी!!! ८ डिसेंबरपासून रुजू.

अब्बांनी शेजारच्या दुकानांत पेढे वाटले. ज्याला त्याला सांगतायत, "पोरगी जजसाहेबांच्या खोलीत बसणार." अम्मीचा एकच प्रश्न — जजबाईंना डबा न्यायचा का? बिलाल म्हणतो, आता तू मितभाषी कशी राहणार ते बघायला तिकीट लावू.

आज पोटभर खूश आहे. उद्याचं उद्या.

२ डिसेंबर, मंगळवार

आज आमच्या केसची तारीख होती. दुपारी वैजनाथ वकिलांचा फोन. वाटलं, अभिनंदन करतील.

"सबा, वडिलांना समजव बाई. तारखेचा अर्ज मी तयार ठेवला होता. हुसेनभाईंनी देऊच दिला नाही! म्हणाले, पोरगी जजच्या खोलीत बसणार आणि मी बाहेर खोटं आजारपण सांगू? साक्षी केव्हाच झाल्या होत्या, आज दोन्हीकडचे युक्तिवादही होऊन गेले. पंधरा तारखेला निकाल."

तशीच दुकानात गेले. अब्बा काच कापत होते. समोर एक बाई लग्नातला फोटो घेऊन उभ्या होत्या. फ्रेम कधी मिळेल विचारत होत्या.

"परवा देतो," अब्बा म्हणाले. "पण पंधराच्या आधी घेऊन जा."

माझ्याकडे बघून हसले आणि पुन्हा काच कापायला लागले.